गाडी काऊन थांबली?

त्या दुपारी नवरा न्हाणीत पाय धूत होता आणि मी त्याला टॉवेल द्यायला गेले होते. पाहते तर पायाखालून वाहणारं पाणी तांबडं.

माझा नवरा ट्रक चालवतो. वर्धा जिल्ह्यातल्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या, पार दक्षिणेतल्या सूतगिरणीला नेऊन टाकायच्या आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन परत यायचं, हे त्याचं काम. हिंगणीच्या अलीकडे आमचं गाव. महिन्यातले चार-सहा दिवस तो घरी असतो, बाकी सगळा रस्त्यावर. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर 'तुम्ही'च म्हणते. पण हे सगळं आठवलं की डोकं तापतं, आणि तापल्या डोक्यानं मला अहो-जाहो जमत नाही.

"हे काय होय जी?" मी ओरडले.

"काय होय?" त्यानं मलाच विचारलं.

वाकून पाहिलं. उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या खाली, कातडी भाजून सोलली होती आणि आत लालभडक जखम. मी बोट लावलं तरी तो शांत उभा. त्याला काही कळतच नव्हतं. इंजिन केबिनमध्ये पायाशीच असतं. उन्हाळ्यात खालचा पत्रा तव्यासारखा तापतो. झिजलेली चप्पल घालून हा माणूस त्या पत्र्यावर पाय ठेवून कुठून कुठे गेला होता, आणि पाय भाजतोय याचा त्याला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सावंगीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिनं जखम पाहिली, रक्त तपासायला पाठवलं, आणि कागद हातात आल्यावर माझ्याकडे पाहिलं. साखर. आणि थोडीथोडकी नाही, कधीची वाढत आलेली.

"काका, रोज किती चालता?" तिनं विचारलं.

"चालत नाई मॅडम. चालवतो."

ती हसली. तोही हसला. मला हसू आलं नाही.

तिनं नीट समजावून सांगितलं. वेळेवर जेवायचं. मैदा, तेल, साखर कमी. पाणी भरपूर प्यायचं. रोज पायी फिरायचं. झोप पुरी घ्यायची. खर्रा, ती सुपारी-तंबाखूची पुडी, आजपासून बंद. पाय रोज तपासायचे. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी स्वतः अंगणवाडी सेविका आहे. गरोदर बायांना, लेकुरवाळ्यांना मी हेच सांगते. भिंतीवरच्या चित्रातली पालेभाजी दाखवते, डाळ दाखवते. मी डॉक्टरणीसमोर मान डोलावली आणि मनात म्हटलं, आता बघतेच.

जखम भरेपर्यंत तो घरी राहिला. तेवढे दिवस मी त्याला माझ्या हातात ठेवला. सकाळी बोरच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यानं फिरायला पाठवायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं साधं वरण, कांदा, काकडी. चहात साखर नाही. कुरकुर करायचा, पण खायचा. पोट आत गेलं, चेहऱ्यावरची सूज उतरली. पुढच्या तपासणीला डॉक्टरीण खूश झाली. मग गाडीमालकाचा निरोप आला आणि तो पुन्हा गाडीवर गेला. जाताना मी डबा भरून दिला, जवसाची चटणी दिली, भाजलेले चणे-फुटाणे दिले, नवे बूट घ्यायला लावले.

फोनवर रोज विचारायची, "जेवले का?"

"जेवलो."

"काय जेवले?"

"भाकर. तू देल्ली ते."

एकदा त्याची गाडी घरी न येता हायवेवरच्या जाम गावच्या चौकातून परस्पर पुढं जाणार होती. मी ताजा डबा घेऊन एसटीनं जामला गेले. तो डिझेल भरायला रांगेत होता, मी केबिनमध्ये चढले. सीटमागून वास येत होता. हात घातला तर माझाच डबा, आधीच्या खेपेचा. भाकरीला हिरवी बुरशी. भाजीचं पाणी पाणी झालेलं.

मी तिथेच, पंपावर, लोकांसमोर त्याला बोलले. खोटं काऊन बोलले, मी पहाटे उठून कोणासाठी थापते, पाय कापल्यावर शहाणे होणार का. जे तोंडात आलं ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत होता. मग एकदम म्हणाला, "दुपारपर्यंत भाजी नासून जाते वं या गरमीत. दुसऱ्या दिवशीपासून काय खाऊ? तू एक डाव गाडीत बसून पाह्य. मंग सांग मले."

"बसतो ना," मी म्हटलं. "उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागू दे. बसतोच."

आमच्याकडे बायाही 'बसतो', 'जातो' म्हणतात. त्याला वाटलं मी रागानं म्हणते आहे. मी मे महिन्यात खरंच गाडीत बसले.

सोबत लहान शेगडी घेतली, ज्वारीचं पीठ, मुगाची डाळ, कांदे, काकड्या, एक तवा, एक पातेलं, पाण्याचा मोठा कॅन. मनात पक्कं होतं की माणसानं ठरवलं तर सगळं होतं. हा आळशी आहे, जिभेचा चटोर आहे, एवढंच खरं. हल्ली क्लीनर कोणी ठेवत नाही, त्यामुळे गाडीत आम्ही दोघंच.

पहिल्याच सकाळी खर्र्यावरून भांडण झालं. पुडी त्यानं सीटच्या गादीखाली लपवली होती. मी ती खिडकीतून फेकली. खर्रा नाही म्हटल्यावर थोड्या वेळानं त्याचे डोळे जड व्हायला लागले, तसा तो स्वतःच्या गालावर चापट्या मारायला लागला. मी घाबरले. "गाडी उभी करा," म्हटलं. "जरा झोपा, मी सैपाक करतो."

आदिलाबादच्या पुढे एका लिंबाखाली त्यानं गाडी घेतली. गाडीत कापसाच्या गाठी, त्यामुळे शेगडी गाडीजवळ पेटवायची नाही, अशी त्याची ताकीद होती. मी सामान घेऊन दूर, झाडाच्या पलीकडे गेले. डाळ शिजायला टाकली, पहिली भाकर तव्यावर घातली, आणि त्याचा फोन वाजला. तो केबिनमध्ये आडवा झाला होता, दचकून उठला.

"हो साहेब... नाई साहेब... पाच मिनिटं, निघालोच."

"कोणाचा होता?" मी विचारलं.

"ऑफिसातून. गाडी काऊन थांबली म्हणते."

"त्याले कसं समजलं?"

त्यानं समोरच्या काचेजवळची काळी डबी दाखवली. गाडी कुठे आहे, चालते आहे की उभी आहे, सगळं वर्ध्यातल्या ऑफिसात पडद्यावर दिसतं. गाडी थांबली की तिथला माणूस फोन करतो. दुसरी भाकर थापेपर्यंत पुन्हा फोन आला. तिसऱ्या वेळी मी पिठाच्या हातानं त्याच्या हातातून फोन घेतला.

"गाडी काऊन थांबली?" तिकडून आवाज.

"जेवून राह्यले."

"कोण बोलता?"

"त्यांची बायको. त्यांले साखर हाय. डॉक्टरनं वेळेवर जेवाले सांगतलं."

मग तो हसला. "बाई, जेवाले कोण नाई म्हणते? पण गाडी टायमावर पोहोचली पाह्यजे. अन् गाडीत बाईमाणूस घेऊन जायची परवानगी कोणं देल्ली तुमाले?"

मी फोन कापला. डाळ अर्धीकच्चीच होती. तो माणूस, माझा नवरा, एका हातात भाकर आणि दुसऱ्या हातात किल्ली घेऊन उभा होता. उभ्यानंच खाल्लं. मी शिव्या देत भांडी आवरली.

पाण्याचंही त्याच दिवशी लक्षात आलं. कॅन तसाच भरलेला. तो घोटभर प्यायचा आणि झाकण लावायचा.

"पाणी काऊन पित नाई?"

"प्यालं की उतरा लागते. उतरलं की गाडी थांबते."

तोवर मी पण पाणी बंद केलं होतं. पुरुषाला निदान रस्त्याची कड तरी आहे. मला काय होतं? उघडं माळरान, मागून येणारे ट्रक, आणि पंपावरच्या संडासाला कुलूप. चावी मागितली तर म्हणे हरवली. माझं डोकं ठणकत होतं, ओठ फाटले होते. आणि हा माणूस वर्षानुवर्षं असाच बसलेला. मी अंगणवाडीत बायांना सांगत आले, पाणी प्या गं भरपूर. सांगायला काय जातं?

दुपारी ढाब्यावर थांबलो. ढाब्यासमोर सावलीत गाडी लावायची तर तिथेच जेवावं लागतं. शेगडी काढू देत नाहीत. मी आत जाऊन विचारलं, साधं वरण मिळेल का, तडका न देता, आणि गव्हाची पोळी? पोऱ्या आतल्या माणसाकडे पाहायला लागला. मालक गल्ल्यावरून म्हणाला, "बहनजी, ये ढाबा है, दवाखाना नहीं।" आजूबाजूचे ड्रायव्हर हसले. ताटात आलं ते लाल तेलावर तरंगणारं, आणि मैद्याची रोटी, थंड झाली की चामड्यासारखी. नवऱ्यानं तेल एका बाजूला निथळलं, डाळीतली डाळ तेवढी वेचली, दोन कांदे खाल्ले. मला दिसावं म्हणून तो तसं खात होता, हे मला कळत होतं. मला त्याची कीव आली आणि त्यामुळे आणखीच राग आला. कोणावर काढायचा तेच कळेना.

दोन रात्री रस्त्यावर काढून, भर दुपारी सूतगिरणीच्या फाटकाशी पोहोचलो तर ट्रकांची रांग. आम्ही टायमावर पोहोचलो होतो, ज्या टायमासाठी माझी डाळ कच्ची राहिली त्या टायमावर. आणि तिथे आम्हाला उभं केलं. ती दुपार गेली, दुसरा दिवस उजाडला, तोही कलला. आता कोणाचा फोन नाही. आता गाडी का उभी आहे हे विचारायला कोणी नाही.

गाडी सोडून जायचं नाही, कारण रांग कधी सरकेल सांगता येत नाही. सरकली आणि ड्रायव्हर जागेवर नसला की मागचा पुढे घुसतो. सावली नाही. शेगडी पेटवायची नाही, कारण सगळ्यांच्या गाड्यांत कापूस. ते बरोबरच होतं, पण मग खायचं काय? फुटाणे आणि काकडी खाऊन राहिलो. मी म्हटलं, निदान चाला तरी. म्हणून तो रांगेच्या कडेनं फेऱ्या मारायला लागला. आमच्या ट्रकपासून चार ट्रक मागे, पुन्हा पुढे. बाकीचे ड्रायव्हर केबिनमधून पाहत होते, एकानं काहीतरी ओरडून टिंगल केली, भाषा कळली नाही पण टिंगल कळली. तेवढ्यात फाटकावरच्या वॉचमननं शिट्टी मारली आणि हातानं खूण केली, गाडीत बस. फिरायचं नाही. नवरा गाडीत येऊन बसला.

मी खाली उतरले आणि फाटकाकडे चालत गेले. आत मोठी इमारत दिसत होती, तिच्याशेजारी कामगारांचं कॅन्टीन, नळ, झाडं. वॉचमनला तुटकी हिंदी येत होती. मी सांगितलं, पाणी पाहिजे, संडासला जायचं आहे, आम्ही कालपासून इथे आहोत. त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि फाटकातलं लहान दार उघडलं.

"लेडीज, जाओ."

"अन् माझा नवरा?" मी मागे बोट दाखवलं. "शुगर है उसको. पाव में जखम था."

"ड्रायव्हर नहीं. ड्रायव्हर अंदर नहीं."

"माल तर त्याचाच अंदर घेणार ना तुम्ही? त्यानं आणलेला माल चालते, तो नाई चालत?"

त्याला मराठी कळली नाही, पण माझा आवाज त्याला समजला. गिरणीच्या ऑफिसातून एक साहेब बाहेर आला. स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र. तो शांतपणे, चांगल्या हिंदीत म्हणाला की नियम आहे, ड्रायव्हर लोक आत आले की घाण करतात, थुंकतात, मागे चोरीही झाली होती. तुम्ही या, तुम्हाला मनाई नाही.

मला तिथे ठणकावून म्हणायचं होतं की नवरा येत नसेल तर मीही येत नाही. म्हणाले नाही. मला जायचंच होतं, दुसरा उपाय नव्हता. मी आत गेले. स्वच्छ फरशी, नळाला थंड पाणी. तोंडावर पाणी मारताना मी रडले. ते रडू दुःखाचं नव्हतं. दात आवळलेले होते. बाटल्या भरून बाहेर आणल्या. नवऱ्यानं एक संपवली आणि दुसरी मागच्या ट्रकवाल्याला दिली.

माल उतरल्यावर परतीच्या वाटेवर मी त्याला एका शब्दानंही बोलले नाही. खर्र्याचंही नाही. डोळे जड झाले की तो गाडी कडेला घ्यायचा, मी तोंडावर मारायला पाणी द्यायची, आणि फोन आला की मी उचलायची.

"गाडी काऊन थांबली?"

"माणूस थकला म्हणून थांबली."

प्रत्येक वेळी हेच उत्तर दिलं. वर्ध्याला आल्यावर मालकानं त्याला ऑफिसात बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं.

"तू ड्रायव्हर हायेस का तुही बायको?" मालक म्हणत होता. "ऑफिसच्या लोकाले उलटं बोलते. मले असे लफडे नाई पाह्यजे. गाडी दुसऱ्याले देल्ली मी."

मी उठून आत गेले. "तुमच्या काचेवरची ते डबी," मी म्हटलं, "फाटकासमोर दोन दिवस उभे होतो तवा काऊन नाई बोलली? तवा गाडी थांबलेली नाई दिसली तुमाले?"

मालक माझ्याशी बोललाच नाही. नवऱ्याला म्हणाला, "घेऊन जा इले."

घरी आल्यावर नवरा माझ्यावर उखडला. पहिल्यांदाच इतका. "तुले कायले पाह्यजे होतं मधात बोलणं? मी जगून राह्यलतो ना?"

"जगून नव्हते राह्यले," मी म्हटलं. "मरून राह्यलते. मी पाह्यलं."

कितीतरी दिवस घरात बोलणं बंद होतं. तो ओसरीत बसून राहायचा, मी अंगणवाडीत जायची, यायची. भाकर पुढे ठेवायची, तो खायचा. शेवटी पुलगावच्या एका म्हाताऱ्याकडे काम लागलं. त्याच्या दोनच गाड्या आहेत आणि तो स्वतः जन्मभर ट्रक चालवत आला आहे. त्याच्याही गाडीत ती डबी आहे. पण पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, "जेवाले थांबला तर एक मिसकॉल देजो. मी विचारत नाई." एवढंच. एवढ्या एका गोष्टीसाठी मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि लगेच स्वतःचाच संताप आला. माणसाला जेवू देतो म्हणून पाया पडायचं?

आता नवरा झाडाखाली, गाडीपासून दूर, स्वतः भाकरी करतो. वेड्यावाकड्या होतात. काम मात्र आधीपेक्षा कमी मिळतं. साखर कधी उतरते, कधी चढते. खर्रा सुटला म्हणतो. मला पूर्ण विश्वास नाही.

यंदा हायवेवर ड्रायव्हरांसाठी आरोग्य शिबिर झालं. मांडव, पाहुणे, फुलं. आम्हा अंगणवाडीच्या बायांना आहाराची चित्रं लावायला बोलावलं होतं. ड्रायव्हरांना रांगेत बसवलं, टोप्या दिल्या, फोटोसाठी हात वर करून व्यायाम करायला लावला. मग पाहुणे बोलले. ड्रायव्हर बंधूंनी शिस्त लावून घेतली पाहिजे, जिभेवर ताबा ठेवला पाहिजे, शरीर हेच खरं धन आहे. टाळ्या झाल्या. नाश्त्याच्या पुड्यात समोसा आणि बालूशाही.

मी मागून उठून विचारलं, "साहेब, यांनी गाडी कुठे लावायची? जेवायला, चालायला, लघवीला? तेवढं सांगा."

पाहुण्यांनी आधी आयोजकांकडे पाहिलं. "ताई, प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले, "पण तो विषय आजचा नाही." सूत्रसंचालकानं आभार मानायला माइक घेतला. आमच्या पर्यवेक्षिकेनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बसले.

मांडव उतरवत होते तेव्हा एक ड्रायव्हर माझ्याकडे आला. पंजाबकडचा असावा, वयस्कर, टोपी घडी करून हातात धरलेली. माझ्या चित्रातल्या भाकरीवर बोट ठेवून विचारलं, "दीदी, ये आटा गाड़ी में कितने दिन टिकता है? कीड़ा नहीं पड़ता?"

मी त्याला सांगायला लागले. पीठ उन्हात वाळवून ठेवायचं, डबा सीटखाली नाही, वर ठेवायचा, इंजिनापासून दूर. मुगाची डाळ आधी भिजवून ठेवली की लवकर शिजते. कांदा कापून ठेवायचा नाही. माझा आवाज अजून चढलेलाच होता, रागात सांगितल्यासारखं सांगत होते. तो माणूस मात्र मान हलवत, एकेक गोष्ट पुन्हा विचारून, नीट ऐकत उभा होता. मग त्यानं हात जोडले, रस्ता ओलांडला आणि आपल्या ट्रकवर चढला.